वाचकांचे प्रश्न : लोकांनी भरलेल्या मजकुरातले एचटीएमएल टॅग रेजेक्सने काढावेत का?

या वेळी नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची होती. संकेतस्थळावर लोक जो मजकूर भरतात, त्यातले टॅग रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे रेजेक्सने कसे काढायचे? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर या एकाच विषयाला दिलं आहे. टॅगची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत छापली आहेत; कोडमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची.

प्रश्न : आम्ही एका मराठी बातम्यांच्या पोर्टलचं काम करतो. वाचकपत्रांच्या फॉर्ममध्ये लोक वर्डमधून मजकूर उचलून चिकटवतात आणि त्यासोबत ढीगभर टॅग येतात. आधी <.*> हा पॅटर्न लावला, तर अख्खा परिच्छेदच उडाला. मग <[^>]*> लावला. आता टॅग निघून राहिले, पण काही पत्रांच्या सुरुवातीला 'नॉर्मल ० फॉल्स फॉल्स फॉल्स' असा कचरा उरतो आणि ओळी एकमेकींना चिकटतात. पॅटर्न कसा सुधारायचा? (धरमपेठ)

उत्तर : पहिल्या पॅटर्नमधला .* हा हावरा असतो. <बी>संत्रा</बी> आणि <बी>मोसंबी</बी> अशी ओळ असेल, तर तो ओळीतल्या पहिल्या < पासून शेवटच्या > पर्यंत सगळं गिळतो. 'संत्रा', 'आणि', 'मोसंबी' काहीच उरत नाही. <.*?> लिहिलं तर तो पहिल्याच > वर थांबतो, पण टिंब साधारणपणे नवी ओळ ओलांडत नाही. वर्डमधून आलेले लांबलचक टॅग दोन-तीन ओळींवर पसरलेले असतात, ते तसेच राहून जातात. [^>] ला नव्या ओळीची अडचण नाही, त्यामुळे तुमचा दुसरा पॅटर्न पहिल्यापेक्षा नक्कीच बरा.

'फॉल्स फॉल्स' हा कचरा वर्डच्या कंडिशनल कॉमेंटमधला. चिकटवलेल्या मजकुराच्या आधी <!--[इफ …]> अशी सुरुवात असते, तिच्या पोटात एक्सएमएलचे टॅग असतात आणि बऱ्याच खाली <![एंडइफ]--> येतं. तुमचा पॅटर्न कॉमेंट ओळखत नाही. तो ]> मधल्या > लाच टॅगचा शेवट समजतो, मग आतले एक्सएमएल टॅग एकेक करून काढतो आणि त्यांच्या मधल्या किमती मागे ठेवतो. व्ह्यू नॉर्मल, झूम शून्य, तीन पर्याय फॉल्स, पुढे भाषेचे कोड. हे सगळं पत्राच्या डोक्यावर छापलं जातं.

म्हणून एकाच पॅटर्नने काम उरकायचं नाही, क्रम लावायचा. सगळ्यांत आधी कॉमेंट संपूर्ण काढा: <!--.*?--> आणि त्याला एस फ्लॅग (पॅटर्नला जोडायची खूण) द्या, म्हणजे टिंब नवी ओळही ओलांडेल. पायथनमध्ये याला डॉटऑल म्हणतात. दुसऱ्या पायरीत स्क्रिप्ट, स्टाइल आणि एक्सएमएल हे टॅग त्यांच्या आतल्या मजकुरासह काढा. नुसते टॅग काढले, तर स्टाइलमधले फॉन्टचे नियम पत्रात मजकूर म्हणून दिसतात. तिसऱ्या पायरीत बीआर आणि पी, डिव्ह, एलआय, टीआर यांच्या बंद होणाऱ्या टॅगच्या जागी नवी ओळ घाला आणि तक्त्यातल्या टीडीच्या जागी एक स्पेस. तुमच्या ओळी चिकटतात त्या ही पायरी नसल्यामुळे: <पी>इतवारी</पी><पी>गांधीबाग</पी> मधले टॅग नुसते पुसले की 'इतवारीगांधीबाग' होणारच. त्यानंतर उरलेले टॅग काढा, मग एंटिटी (चिन्हांच्या जागी लिहिलेले सांकेतिक कोड) उलगडा आणि शेवटी लागोपाठच्या स्पेस व तीनपेक्षा जास्त रिकाम्या ओळी आवरा. न तुटणारी स्पेस (यू+००ए०) साध्या स्पेससारखीच दिसते, पण पीएचपीमध्ये यू फ्लॅग दिल्याशिवाय रेजेक्सला ती नीट सापडत नाही.

उरलेले टॅग काढताना <[^>]*> पेक्षा थोडा कडक नियम ठेवा: < नंतर हवा असल्यास /, आणि मग एक रोमन अक्षर यायलाच हवं. ब्राउझरही हेच बघतो. < नंतर स्पेस, आकडा किंवा देवनागरी अक्षर आलं, तर तो त्याला टॅग मानत नाही, साधा मजकूर मानतो. 'किमान तापमान < २८ आणि कमाल > ४५' हे वाक्य तुमच्या सध्याच्या पॅटर्नमधून 'किमान तापमान  ४५' होऊन बाहेर येईल. मे महिन्यातल्या नागपूरच्या बातमीत हे परवडणारं नाही.

आणखी एक खाचखळगा. अॅट्रिब्यूटच्या (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्माच्या) अवतरणात > हे चिन्ह चालतं. <इमेज ऑल्ट="भाव > ४०"> यातला टॅग मधल्या > वर तुटतो आणि पत्रात ४०"> असं शेपूट राहतं. टॅगच्या नावानंतर (?:"[^"]*"|'[^']*'|[^'">])*> असा भाग लावला की अवतरणं ओळखली जातात. मात्र अवतरण बंदच केलेलं नसेल, तर हा पॅटर्न जुळत नाही आणि टॅग जसाच्या तसा राहतो. जावात मोठ्या मजकुरावर असा गट 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही त्रुटीही देतो. वेग वाढेल म्हणून शेवटच्या चौकटी कंसाला + लावण्याचा मोह टाळा. आत + आणि बाहेर * झालं, की न जुळणाऱ्या ३० अक्षरांचे तुकडे पाडण्याचे ५३ कोटींहून जास्त मार्ग होतात. काही रेजेक्स इंजिनं (पॅटर्न चालवणारे प्रोग्राम) शेवटी > नाहीच हे आधी बघून या फेऱ्यातून सुटतात, पण सगळी नाही.

इतकं सगळं वाचून कंटाळा आला असेल, तर तो योग्य ठिकाणी आला आहे. पॅटर्न याच्यापुढे ताणू नका, पार्सर (एचटीएमएलची रचना समजून वाचणारा प्रोग्राम) वापरा. पायथनमध्ये ब्यूटिफुलसूप आहे: आधी स्क्रिप्ट आणि स्टाइल काढून टाका, मग गेट_टेक्स्टला सेपरेटर म्हणून नवी ओळ द्या. सेपरेटर प्रत्येक टॅगपाशी लागतो, म्हणून ठळक शब्दापाशीही ओळ तुटते. ते नको असेल, तर फक्त परिच्छेदांच्या टॅगांपाशी ओळ घालणारं छोटं फंक्शन लिहा. जावात जेसूप आहे. ब्राउझरमध्ये डीओएमपार्सर वापरा. त्याने बनवलेल्या डॉक्युमेंटमध्ये स्क्रिप्ट चालत नाही आणि चित्रंही मागवली जात नाहीत. एखाद्या सुट्या डिव्हच्या इनरएचटीएमएलमध्ये मजकूर ओतून टेक्स्टकंटेंट वाचायची पद्धत बरीच दिसते, ती घातक आहे. तो डिव्ह पानावर लावलेला नसला, तरी त्यातल्या इमेज टॅगचा ऑनएरर (चित्र न मिळाल्यास चालणारा कोड) चालतो.

प्रश्न : टॅग काढले म्हणजे मजकूर सुरक्षित झाला असं धरायचं का? आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही फक्त स्क्रिप्ट टॅग शोधून रिकाम्या स्ट्रिंगने बदलतो. मार्गदर्शक म्हणतात एवढं पुरे. (अभियांत्रिकी, शेवटचं वर्ष, हिंगणा रोड)

उत्तर : पुरे नाही. टॅग काढणं ही मजकुराची साफसफाई आहे, पानाचं संरक्षण त्यातून होत नाही. का, ते पाहा.

तुमच्या फिल्टरला <स्क्रि<स्क्रिप्ट>प्ट> असं द्या. मधला तुकडा निघतो आणि दोन्ही बाजू जुळून नवा <स्क्रिप्ट> तयार होतो. पहिल्या उत्तरात सुचवलेला कडक पॅटर्नही याच युक्तीने फसतो: <<बी>इमेज … ऑनएरर=…> यात पहिल्या < पुढे अक्षर नाही म्हणून तो सुटतो, <बी> निघतो, आणि उरतो तो अस्सल इमेज टॅग. बदल होणं थांबेपर्यंत फिल्टर पुन्हा पुन्हा चालवला, की ही एक पळवाट बंद होते. पुढच्या पळवाटेवर तो उपाय चालत नाही: हल्लेखोर > लिहितच नाही. <इमेज सोर्स=क्ष ऑनएरर=… एवढंच लिहून मजकूर संपवतो. पॅटर्नला > सापडत नाही, म्हणून तो काही काढत नाही. ब्राउझर मात्र तुमच्याच पानावरचा पुढचा >, बहुधा </डिव्ह> मधला, घेऊन टॅग पूर्ण करतो आणि ऑनएरर चालवतो.

मजकूर अॅट्रिब्यूटमध्ये जाणार असेल, तर टॅगची गरजच नसते. नावाच्या रकान्यात कोणी "  ऑनफोकस=… ऑटोफोकस असं भरलं आणि तुम्ही ते इनपुट टॅगच्या व्हॅल्यूमध्ये तसंच छापलं, की झालं. त्यात < नाही, > नाही. दुव्याच्या पत्त्यात जावास्क्रिप्ट: ने सुरू होणारा पत्ताही असाच आत शिरतो. आणि आधी टॅग काढून नंतर एंटिटी उलगडल्या, तर &#60;स्क्रिप्ट&#62; मधून टॅग परत जिवंत होतो. पहिल्या उत्तरातल्या क्रमात हा धोका आहेच. छापताना मजकूर एस्केप होतो (धोक्याची चिन्हं एंटिटीत बदलतात), म्हणूनच तो क्रम चालतो.

४ ऑक्टोबर २००५ रोजी मायस्पेस या सोशल नेटवर्कवर सॅमी कामकारने सोडलेला वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) हे याचं गाजलेलं उदाहरण. मायस्पेस 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळत होतं. त्याने 'जावा' आणि 'स्क्रिप्ट' यांच्या मध्ये एक नवी ओळ घातली. फिल्टरला शब्द दिसला नाही, तेव्हाच्या ब्राउझरांनी मात्र तो जोडून चालवला. २० तासांत १० लाखांहून जास्त प्रोफाइलवर तो पसरला.

प्रोजेक्टमध्ये करायचं ते असं. लोकांनी भरलेला मजकूर डेटाबेसमध्ये आहे तसा ठेवा आणि पानावर छापताना, दर वेळी, पाच चिन्हं एस्केप करा: & चं &#38;, < चं &#60;, > चं &#62;, " चं &#34; आणि ' चं &#39;. & पहिला बदलायचा, नाहीतर बाकीच्या एंटिटींमधला & पुन्हा बदलला जातो. हे हाताने लिहू नका. पीएचपीत एचटीएमएलस्पेशलचार्स आहे, ८.१ च्या आधीच्या आवृत्तीत एकेरी अवतरण आपोआप एस्केप होत नाही, ईएनटी_कोट्स द्यावं लागतं. रिअॅक्ट आणि जँगोचे टेम्प्लेट हे काम स्वतःच करतात. तिथे डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल किंवा सेफ फिल्टर कुठे वापरला आहे, तेवढं शोधून काढा. अॅट्रिब्यूटची किंमत कायम अवतरणात ठेवा. दुव्याचा पत्ता एचटीटीपी, एचटीटीपीएस किंवा मेलटू यांनीच सुरू होतो ना, हे वेगळं तपासा.

ठळक, तिरपं, दुवे एवढं लोकांना वापरू द्यायचं असेल, तर परवानगीच्या यादीवर चालणारा सॅनिटायझर घ्या. जावास्क्रिप्टसाठी डीओएमप्युरिफाय, पीएचपीसाठी एचटीएमएल प्युरिफायर, जावासाठी ओवास्पचा जावा एचटीएमएल सॅनिटायझर. पायथनच्या जुन्या शिकवण्यांमध्ये ब्लीच दिसेल. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा विकास थांबल्याचं जाहीर झालं आहे, नव्या कामात एनएच३ घ्या. यादीत पी, बीआर, स्ट्राँग, ईएम, यूएल, ओएल, एलआय, ब्लॉककोट आणि ए एवढे टॅग वाचकपत्रांना पुरतात. स्टाइल अॅट्रिब्यूटला परवानगी देऊ नका. मार्गदर्शकांना वरचं < स्क्रि … प्ट > चं उदाहरण चालवून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : वाचनालयाच्या संकेतस्थळावर अभिप्राय घेतो. 'स्पेशल कॅरेक्टर' काढायला नेटवरून एक पॅटर्न घेतला, त्याने मराठी अक्षरंच गेली. दुसरा घेतला, तर 'नागपूर'चं 'नगपर' झालं. (महाल)

उत्तर : पहिल्या पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू असणार. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर, त्यामुळे 'हे सोडून बाकी काढा' म्हटलं की देवनागरी सगळी जाते. दुसऱ्यात युनिकोडचा एल वर्ग, म्हणजे अक्षरं, ठेवला आहे. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये एम वर्गात येतात. 'ना' म्हणजे न आणि काना, 'पू' म्हणजे प आणि दीर्घ ऊकार. एम गेला की उरतं न, ग, प, र. 'विदर्भ'चं 'वदरभ' होतं. पायथनच्या री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू देवनागरी अक्षरं ओळखतो, मात्रा मात्र ओळखत नाही. त्याने 'नागपूर'चे शब्द मोजले तर 'न', 'गप', 'र' असे तीन मिळतात.

ठेवायच्या वर्गांत एल, एम आणि एन (आकडे) असे तिन्ही घ्या. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी यू फ्लॅग लागतो. केवळ मराठीच हवी असेल, तर [ऀ-ॿ] हा पट्टा चालतो, त्यात दंड आणि मराठी आकडेही येतात.

एवढ्यावर थांबू नका. 'अदृश्य अक्षरं काढा' अशी एक पायरी अशा पॅटर्नमध्ये हमखास असते आणि तीत झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) जातो. मराठीत तो अडगळ नाही. 'दुसर्‍या', 'तर्‍हा' यांतला अर्धा र अनेक कीबोर्ड र, हलन्त आणि जॉइनर असा लिहितात. जॉइनर काढला की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं, रफार चढतो, आणि वाचणाऱ्याला ते शुद्धलेखनाची चूक वाटतं. काही कीबोर्ड हाच र 'ऱ' (यू+०९३१) आणि हलन्त असा लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडमधली वेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ते एक होत नाहीत. शोधासाठी असे सगळे र दुसऱ्या रूपात बदललेली वेगळी प्रत ठेवावी, मूळ मजकुराला हात लावू नये.

खरं तर अभिप्रायातून 'स्पेशल कॅरेक्टर' काढायची गरज कशाला आहे, हेच आधी विचारा. सुरक्षेसाठी असेल तर उत्तर वर आलं आहे, एस्केप करा. मग अवतरण, प्रश्नचिन्ह, रुपयाचं चिन्ह सगळं सुखाने राहू द्या.

प्रश्न : पीएचपीचं स्ट्रिप_टॅग्ज रेजेक्सपेक्षा बरं का? (मानेवाडा)

उत्तर : किंचित. ते अवतरणं आणि कॉमेंट ओळखतं. पण स्क्रिप्ट व स्टाइलच्या आतला मजकूर ठेवतं, आणि बंद न झालेला < दिसला की पुढचा मजकूर गिळतं. '<५ किलो' लिहिलेला अभिप्राय त्यात अर्धा जातो. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये काही टॅगना परवानगी दिली, तर त्यांचे सगळे अॅट्रिब्यूट, ऑनक्लिकसह, आत येतात. ती सोय वापरू नका. वर्डप्रेसवर असाल, तर डब्ल्यूपी_स्ट्रिप_ऑल_टॅग्ज आधी स्क्रिप्ट आणि स्टाइल आतल्या मजकुरासह काढतं. टॅग ठेवायचे असतील, तर डब्ल्यूपी_केएसईएस.

प्रश्न : फॉर्ममध्ये कोणीतरी मोठा मजकूर टाकला की सर्व्हर काही सेकंद अडकतो. पॅटर्न साधा <[^>]*> आहे. (मिहान)

उत्तर : त्या मजकुरात नुसत्या < ची रांग आहे का बघा. पॅटर्न पहिल्या < पासून शेवटपर्यंत > शोधतो, मिळत नाही, मग दुसऱ्या < पासून पुन्हा शेवटपर्यंत. १ लाख < असतील, तर सुमारे ५०० कोटी पावलं होतात. कंसात < सुद्धा घाला: <[^<>]*> . मग पुढचा < दिसताच तो प्रयत्न सोडतो. त्याहून आधी लांबीची मर्यादा घाला, आणि ती सर्व्हरवर, फॉर्मच्या मॅक्सलेंग्थवर विसंबून नको. वाचकपत्राला २०,००० अक्षरं भरपूर झाली.

स्पेस छाटायच्या पॅटर्नकडेही बघा. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद होतं, ते ओळीच्या शेवटच्या स्पेस काढणाऱ्या साध्या रेजेक्समुळे. एका पोस्टमध्ये सुमारे २०,००० स्पेस सलग होत्या आणि त्यांच्या शेवटी एक वेगळं अक्षर होतं. इंजिनने प्रत्येक स्पेसपासून नव्याने सुरुवात केली, तुलना झाल्या सुमारे २० कोटी. दुरुस्ती म्हणून त्यांनी रेजेक्स काढून साधं स्ट्रिंग फंक्शन लावलं. स्पेस छाटायला ट्रिम असताना रेजेक्स लिहूच नये.

प्रश्न : टॅग काढलेल्या अभिप्रायाचा पहिला भाग एसएमएसने पाठवतो. कधी शेवटी &#3 असं येतं, कधी अक्षर अर्धं तुटतं. (सीताबर्डी)

उत्तर : तुम्ही एस्केप केलेला मजकूर कापत आहात, म्हणून एंटिटी मधोमध तुटते. क्रम असा ठेवा: टॅग काढा, एंटिटी उलगडा, मग कापा. एसएमएसमध्ये एस्केप करायचंच नसतं, तिथे एचटीएमएल नाही. वेब पानावर तोच तुकडा दाखवायचा असेल, तर कापून झाल्यावर एस्केप करा.

देवनागरी एसएमएसला एका संदेशात ७० अक्षरं मिळतात. संदेश लांबला आणि त्याचे भाग पडले, की प्रत्येक भागात ६७. ही मोजणी कोड युनिटची आहे, म्हणजे काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक. 'क्ष' तीन खातो. म्हणून ७० ची मर्यादा कोड युनिटमध्येच मोजा, पण कापण्याची जागा अक्षराच्या सीमेवर आणा. जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर या सीमा देतो. जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, त्यामुळे नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या आवृत्तीवर 'क्ष'चे 'क्' आणि 'ष' असे तुकडे अजूनही पडू शकतात. आवृत्ती बदलता येत नसेल, तर सरळ आधीच्या स्पेसपर्यंत मागे या आणि तिथे कापा. मराठी एसएमएसमध्ये चार-पाच अक्षरं कमी गेली तरी चालतात.